तेलाचा हात

"अजून किती डोंगर हाईत गं?" आईनं विचारलं.

"दोन-तीन असतील."

"मघाशी बी दोन-तीनच म्हणलीस. तवापास्नं मी सात मोजले."

मी हसले आणि गाडी वळणावर हळू केली. ओहायो नदी ओलांडून केंटकीत शिरल्यापासून रस्ता सरळ राहायला तयारच नव्हता. एप्रिल लागला होता. झाडांना अजून पानं फुटायची होती, पण मधूनच एखाद्या बिनपानाच्या झाडाला थेट खोडापासून गुलाबी फुलं लगडलेली दिसत. कुणी डोंगराच्या गालाला गुलाल लावून पळून गेल्यासारखी. आईच्या मांडीवर दशम्यांचा डबा होता, पायाशी तिची काळी पिशवी. ती पिशवी घेतल्याशिवाय आई घराचा उंबरा ओलांडत नाही.

"हितं माणसं राहत्यात?"

"राहतात की."

"मग दिसनात कशी?"

"आपण तरी कुठं दिसतोय त्यांना?"

"लई बोलू नगंस," आई म्हणाली. "ऐक. मुलगी बघायला जात्यात तसं जायाचं. पोहे दिले तर खायाचे. घरी जाऊन कळवतो म्हणायचं, अन् घरी जाऊन न्हाई म्हणून कळवायचं. ठरलंय नव्हं?"

"बघू."

"बघू न्हाई, शेवंते. ठरलंय."

ठरलं होतं ते सगळ्यांचं. माझं नाही.

त्या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि माझ्याकडे दोन पत्रं होती. दोन्ही ऑस्टिओपॅथिक मेडिकल कॉलेजांची, दोन्हीकडे प्रवेश मिळालेला. ऑस्टिओपॅथिक म्हणजे डॉक्टरकी तीच, पदवीचं नाव तेवढं एम. डी.ऐवजी डी. ओ. तीच औषधं, त्याच शस्त्रक्रिया, तोच परवाना. फक्त तिथं आणखी एक गोष्ट शिकवतात: हातानं तपासायचं, आणि स्नायू-सांधे हातानंच मोकळे करायचे. एक कॉलेज पूर्वेकडच्या मोठ्या शहरात होतं, जुनं, नावाजलेलं, काचेच्या उंच इमारतीतलं. दुसरं या डोंगरांत, मार्लो गॅप नावाच्या गावात. त्याची अजून पहिली तुकडीसुद्धा बाहेर पडली नव्हती. आमच्या घरात त्यांची नावं कुणी घेत नसे. मोठं कॉलेज आणि डोंगरातलं कॉलेज, एवढंच. दोन्ही जागा धरून ठेवता येत नव्हत्या. सोमवारी दुपारी बारापर्यंत एकाला हो आणि एकाला नाही कळवायचं होतं. आज शनिवार होता.

ओहायोत आम्ही राहायचो त्या डेटनच्या महाराष्ट्र मंडळात तर निकाल केव्हाच लागला होता. माधवीकाकूंचे यजमान हृदयाचे मोठे डॉक्टर. त्यांनी गुढीपाडव्याला सगळ्यांसमोर विचारलं होतं, "डी. ओ. म्हणजे नक्की काय गं? आपल्याकडच्या हाडवैद्यासारखं का?" मी सांगायला तोंड उघडलं, तोवर त्यांनीच समजूत काढली, "असू दे, असू दे. त्या मोठ्या कॉलेजात जा म्हणजे झालं. तिथलं नाव सांगितलं की पुढचं कोणी विचारत नाही." आई तेव्हा त्यांच्या स्वयंपाकघरात होती. काकूंच्या नातीला तेल लावत होती.

माझी आई अनसूया खोराटे. मंडळात अनसाताई. गडहिंग्लजला होती तेव्हापासून बाळंतिणींना आणि बाळांना मालिश करते. मी नऊ वर्षांची असताना आम्ही इकडे आलो. बाबांना लेथवरचं काम मिळालं आणि आईला आईचंच काम मिळालं. मराठी, गुजराती, तेलुगू, कुणाच्या घरी पाळणा हलला की फोन आमच्याकडे. सव्वा महिना रोज सकाळी आई जाणार. पाहुणे पुढच्या दारानं, आई गराजच्या दारानं. तिनं त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. फक्त मी अर्ज भरायला बसले तेव्हा माझ्या मागे उभी राहून म्हणाली होती, "माझं मालिशचं कुठं लिवू नगंस. आई घरीच असती म्हण. डाक्टर लोकांत शोभत न्हाई ते."

मोठ्या कॉलेजात मुलाखतीला गेले तेव्हा तिथल्या एका मुलानं आम्हाला इमारत दाखवली होती. तो सहज म्हणाला, "हातांचा तास आठवड्यातून दोनदा असतो. पास व्हायचं आणि सोडून द्यायचं. पुढे कोण वापरतंय?" घरी येऊन मी हे सांगितलं, तेव्हा आईचा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी तिनं शेवयांची खीर केली.

आणि मला डोंगरातलं कॉलेज हवं होतं. हे मी कुणाला म्हटलं नव्हतं. आईला तर नाहीच.

"मी का म्हणती ठावं हाय नव्हं तुला?" आई खिडकीबाहेर बघत म्हणाली. "मी लोकांच्या पायाशी बसले, ते तू खुर्चीवर बसावीस म्हणून. तू परत पायाशीच येऊन बसलीस तर मग मी कशाला बसले?"

पुढे आठवा डोंगर आला.

* * *

कॉलेज म्हणजे एक लांबट, दुमजली, विटांची इमारत. मागे उतार, उताराखाली ओढा. प्रवेश मिळालेल्या मुलांना त्यांनी घरच्यांसह बोलावलं होतं. आम्ही पंधरा-वीस जणं असू. पोह्यांऐवजी मक्याचा गोडसर पाव आणि मध आला. आईनं एक तुकडा खाल्ला, दुसरा मागून घेतला आणि मला म्हणाली, "हे बरं हाय. पण न्हाईच."

मग आम्हाला एका मोठ्या खोलीत नेलं. तिथं बाकांऐवजी उंच, सपाट, गादीची टेबलं होती, रांगेनं. पुढे एक म्हाताऱ्या बाई उभ्या होत्या. सत्तरीच्या, बुटक्या, पांढरे केस मागे घट्ट बांधलेले. त्या डॉक्टर हॅस्केट. याच डोंगरात जन्मलेल्या. हातांचं सगळं शिक्षण त्यांच्याकडे होतं.

त्यांनी भाषण केलं नाही. डोक्याचा एक केस उपटला, टेबलावरच्या टेलिफोनच्या जुन्या डिरेक्टरीत ठेवला आणि त्यावर एक पान पालटलं.

"डोळे मिटायचे. पानावर बोटं ठेवायची. केस कुठं आहे आणि कुठल्या दिशेला आहे ते सांगायचं," त्या म्हणाल्या. "जमलं की मी आणखी एक पान पालटणार. इथं येणारं प्रत्येक पोर पहिल्या दिवशी हेच करतं. पास-नापास काही नाही. मला तुमचे हात बघायचेत."

घरची माणसं भिंतीशी खुर्च्यांवर बसली होती. एक उंच मुलगा पुढे झाला. पाच पानांपर्यंत गेला. एका मुलीला आठ जमली. मग माझी पाळी आली. तीन पानं. चार. पाचव्या पानाखाली मला काहीच लागेना. मी बोटं जोरानं दाबली. कागद, कागदाखाली कागद, आणि माझ्याच बोटांतली नाडी. केस नाही.

"दाबतीस कशाला?" मागून कुजबुज आली. "दाबलं की ते लपतंय. हात ठेव अन् वाट बघ."

आई कधी खुर्चीवरून उठून माझ्यामागे आली होती, देव जाणे.

मी दाबणं सोडलं. बोटं नुसती ठेवली, पाण्यावर पान पडावं तशी. थोडा वेळ काही झालं नाही. आणि मग जिथं मी शोधत नव्हते तिथं, अनामिकेच्या टोकाशी, एक बारीक उंचवटा वर आला. आपण होऊन. जणू मीच त्याला सापडले होते.

"इथं. आडवा. असा."

सहा. नऊ. बारा. चौदाव्या पानावर मी चुकले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टर हॅस्केट मात्र माझ्याकडे बघतच नव्हत्या. माझ्या खांद्यावरून मागे बघत होत्या.

"त्या काय म्हणाल्या?"

मी सांगितलं. दाबलं की ते लपतं. हात ठेव आणि वाट बघ.

बाईंनी डिरेक्टरी मिटली. "हेच मला पहिलं वर्षभर सांगावं लागतं," त्या म्हणाल्या. "आणि इतक्या थोडक्या शब्दांत मला ते कधी जमलेलं नाही." मग त्यांचा चेहरा उजळला. "थांब. या त्याच ना? निबंधातल्या आई?"

आईला इंग्रजी बोलता येत नसलं तरी एखाददुसरा शब्द तिच्या कानाला बरोबर सापडतो. "कसला निबंध?" तिनं माझ्या बाहीला धरून विचारलं.

"नंतर सांगते."

"आत्ता सांग."

"आई, त्या तुला बोलावतायत. तुला करायला सांगतायत."

"मला? आगं मी काय विद्यार्थी हाय व्हय?" पण बाईंनी हात पुढे केलाच होता, आणि सगळी खोली बघत होती. आई टेबलाशी गेली. बाईंनी नवा केस ठेवला, दोन पानं पालटली. आईनं डोळे मिटले. आणि मग, तिचं तिलाही कळलं नसेल, इतक्या सवयीनं तिनं काळ्या पिशवीतून छोटी बाटली काढली, तळहातावर तिळाचं तेल घेतलं, दोन्ही हात एकमेकांवर चोळून ऊन केले आणि पानावर ठेवले.

डिरेक्टरीचा तो पातळ, पिवळा कागद. त्यात तेल असं उतरलं जसं वाळूत पाणी. बघता बघता आईच्या बोटांभोवतीचं पान काचेसारखं झालं, त्याखालचं पान काचेसारखं झालं, आणि त्यांच्याखाली डॉक्टर हॅस्केटांचा पांढरा केस ओळीवरच्या आकड्यांवर झोपलेला सगळ्यांना दिसला.

खोलीत हशा पिकला. बाईसुद्धा टेबल धरून हसल्या. "आधी दुसरीकडं, आता इथं, चाळीस वर्षं हे करून घेतेय," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "ही युक्ती कुणाला सुचली नव्हती!"

आईनं डोळे उघडले. पान पाहिलं. हसणारी तोंडं पाहिली. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तिनं पदरानं हात पुसले, बाटलीला टोपण लावलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "मी गाडीत जाऊन बसती."

त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती. मला ते कळत होतं. पण आईला ते कळणार कसं? लोक तिला हसतात तेव्हा ती गराजच्या दारानं निघून जाते, एवढंच तिला माहीत होतं. ती तीन पावलं गेलीसुद्धा.

मी आजवर जे कुठल्याच खोलीत मोठ्यानं म्हटलं नव्हतं, ते माझ्या तोंडून निघालं.

"ही माझी आई," मी इंग्रजीत म्हणाले. "बाळंतिणींना आणि नवजात बाळांना मालिश करणं हा तिचा धंदा आहे. एकतीस वर्षं. थंड हात आणि कोरडा हात ती कुणाच्या अंगाला लावत नाही. टेबलावरच्या कागदालासुद्धा तिनं लावला नाही. यात तिचं काही चुकलेलं नाही."

हसू थांबलं. भिंतीशी बसलेला एक म्हातारा बाप्या, बहुतेक त्या उंच मुलाचा आजोबा, त्यानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

डॉक्टर हॅस्केट आईजवळ गेल्या. त्यांनी तिचा तेलकट हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, उलटा केला, तळवा पाहिला, अंगठ्याच्या मुळाशी आलेला घट्टा दाबून पाहिला. मग तिला कोपऱ्यातल्या बेसिनपाशी घेऊन गेल्या. दोघी शेजारी शेजारी उभ्या राहून हात धुवायला लागल्या. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती.

"त्यांना विचार, कोरड्या हातानं करतील का," बाई मला म्हणाल्या.

मी विचारलं.

"कोरड्या हातानं?" आई नाक उडवून म्हणाली. "कागदाला काय दुखतंय व्हय? करती की."

ती पुन्हा टेबलाशी आली. या वेळी केस दुसरीकडच्या कोरड्या पानांत होता, पाच पानांखाली. आईनं डोळे मिटले, बोटं ठेवली आणि गुणगुणायला लागली. ती मुद्दाम गात नव्हती. तिचे हात ओवीशिवाय चालतच नाहीत. गाडी जशी किल्लीशिवाय.

*पाठीच्या कण्यावरी, बोट चाले वाटसरू*
*हळू चाल गं बोटा माझ्या, निजलं गं वासरू*

"हा हितं. तिरपा."

आठ पानं. "हितं." बारा. "हितं, पार कडंला गेलाय." चौदा. माझा आकडा मागे पडला तेव्हा तिनं एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं. पंधराव्या पानाला तिनं ओवी बदलली.

*लेकीची गं माझ्या पाठ, जोंधळ्याचं ताठ*
*वाऱ्या रं जपून ये, दूर तिची वाट*

अठरा. वीस. खोलीत कुणी खोकत नव्हतं. बावीस. आईची बोटं पानावर चालत नव्हती. ती नुसती टेकली होती, आणि मग तिचा चेहरा जरा बदलायचा. एवढंच. चोवीस. "हितं." पंचविसाव्याला ती खूप वेळ थांबली, ओवी पुन्हा पहिल्यापासून म्हणाली आणि बोट टेकवलं. बाईंनी पानं उलटली. केस बोटभर अंतरावर होता.

टाळ्यांचा कडकडाट झाला. आईला त्याचं काही नव्हतं.

"परत ठेव म्हणावं," ती मला म्हणाली. "मी बरोबर होते. ह्या बाईंचा श्वास लागून कागद हालला."

मी भाषांतर केलं. डॉक्टर हॅस्केट म्हणाल्या, "त्यांचं म्हणणं खरं असेल. मी धापा टाकत होते." मग विचारलं, "त्या काय गात होत्या?"

मी सांगितलं. पाठीच्या कण्यावर बोट वाटसरूसारखं चाललंय, वासरू झोपलंय, हळू चाल. बाईंनी ते माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं आणि फळ्यावर लिहून ठेवलं.

त्यानंतर त्यांनी पुढचं दाखवायला घेतलं. एका मुलीचा घोटा जुन्या मुरगळण्यानं धरलेला होता. तिला त्यांनी खुर्चीवर बसवलं आणि स्वतः, सत्तर वर्षांच्या, कॉलेजातल्या सगळ्यात मोठ्या प्राध्यापक बाई, जमिनीवर मांडी घालून बसल्या. त्या मुलीचा पाय त्यांनी मांडीत घेतला. पोरं वहीत लिहून घेत होती. आई लिहीत नव्हती. ती बाईंच्या हातांकडेही बघत नव्हती. ती बघत होती त्या पोरांच्या तोंडांकडे.

तास संपायच्या आत ती उठून बाहेर गेली.

* * *

ओढ्याकडच्या उतारावर एक बाकडं होतं. आई तिथं बसली होती. मी शेजारी बसले. तिनं डबा उघडून दशमी माझ्या हातात दिली. भांडण करायचं असलं तरी आधी खायला घालायचं, हा तिचा नेम.

"निबंधाचं सांग."

"अर्जाबरोबर इथं एक प्रश्न होता. स्पर्श म्हणजे काय, ते तुम्हाला कुणी शिकवलं?"

"अन् तू माझं नाव लिवलंस."

"हो."

"समदं लिवलंस?"

"समदं. तुझ्याबरोबर मी सुट्टीत यायचे ते. बाळाच्या अंगाला लावायच्या आधी तू तेल स्वतःच्या मनगटावर टाकून बघायचीस ते. माधवीकाकूंच्या सुनेचा ताप तुला हाताला कळला होता, डॉक्टर घरात असताना, तेसुद्धा."

"मी नगं म्हणलं होतं."

"हो."

आई दशमीचा कोपरा मोडत राहिली. ओढा खळखळत होता.

"अन् तिकडं? मोठ्या कॉलेजात काय सांगितलंस?"

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बाबांनासुद्धा नाही. खरं तर स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं.

"मुलाखतीत त्यांनी विचारलं, तुझी आई काय करते? मी म्हटलं, घर सांभाळते."

"मीच सांगितलं हुतं तसं म्हणायला."

"हो."

"मग बरुबर केलंस." पण तिचा आवाज बरोबर नव्हता. तिनं विचारलं, "मग ते काय म्हणले?"

"छान, म्हणाले. आणि पुढचा प्रश्न विचारला."

"एवढंच?"

"एवढंच."

आईनं दोन्ही तळवे उघडून मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत बसली. धुवूनही त्यांना तिळाच्या तेलाचा वास येत होता.

"एकतीस वर्सं," ती म्हणाली. "अन् पुढचा प्रश्न."

मला रडू आलं. मी दशमी तशीच धरून बसले. आईनं माझ्याकडे बघितलं नाही. तिचं मन दुसरीकडेच कुठं चालत होतं, ओवीतल्या त्या बोटासारखं, हळूहळू.

"म्हंजे तिकडं त्यांनी अर्धी पोरगी घेतल्या," ती शेवटी म्हणाली. "हिकडं आख्खी घेतल्या."

मी मान वर केली. दोन पत्रं आल्यापासून सहा आठवडे मी कागदावर रेघा मारत होते. शहर, गाव. जुनं, नवं. लांब, जवळ. रात्री झोप लागत नव्हती. आणि जे मला सापडत नव्हतं ते आईनं बोट टेकवून दाखवावं तसं दाखवलं होतं.

"ती म्हातारी डाक्टरीण बघितलीस?" आई म्हणाली. "पायाशी बसली. मांडी घालून. मी पोरांची तोंडं बघत हुते. म्हणलं आता हसतील. एक बी हसलं न्हाई. उलट माना लांब करून बघत हुती." तिनं डब्याचं झाकण लावलं. "मला वाटायचं खाली बसण्यात कमीपणा हाय. खाली बसण्यात काय न्हाई गं. वरची माणसं कशी बघत्यात, त्यात हाय समदं."

"आई..."

"माझं ऱ्हाऊ दे. मंडळाचं ऱ्हाऊ दे. माधवीताईंच्या घरात आता दोन वर्सं तरी पाळणा हालत न्हाई, त्यांना काय घाबरायचं?" ती माझ्याकडे वळली. "तुला काय पायजे?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. मीही नाही.

"मला हे पाहिजे," मी म्हणाले. म्हटल्यावर ते इतकं सोपं वाटलं की मी पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं, ओढ्याला ऐकू जाईल असं. "मला तुझं काम शिकायचंय. तुझं काम आणि त्याच्यापुढचं सगळं. कानाला नळी लावून, सुई धरून, चाकू धरूनसुद्धा. पण तुझ्या हातानं. मला इथंच यायचंय, आई."

"मग वरडतीस कशाला? मी काय बहिरी हाय?"

आणि आम्ही दोघी हसायला लागलो. दशमीचा घास माझ्या घशात अडकला, आईनं पाठीत धपाटा घातला, आणि तो धपाटा पडला तेव्हा मला कळलं की माझी पाठ सहा आठवड्यांत पहिल्यांदा मोकळी झालीये.

मी उठले. "मी सोमवारपर्यंत थांबत नाही. आत्ताच सांगून येते."

"थांब," आई म्हणाली. तिनं पदर झटकला, स्वेटरची बटणं लावली, केसांवरून हात फिरवला. "मी बी येती. असं कुणाच्या घरात पोरगी द्यायची तर आईबापानं नगं व्हय?"

* * *

कचेरीत एक गोऱ्या, जाडजूड बाई कॉम्प्युटरपाशी बसल्या होत्या. मी म्हणाले, मला प्रवेश घ्यायचाय. त्या म्हणाल्या, अभिनंदन, पण सोमवारपर्यंत वेळ आहे, घरी जाऊन विचार केलात तरी चालेल. मी म्हणाले, विचार झाला. मग तिथंच उभ्या उभ्या मी फोनवरून मोठ्या कॉलेजला दोन ओळी लिहिल्या. आभार मानले आणि नाही म्हटलं. पाठवताना बोट जरासुद्धा अडखळलं नाही.

बाईंनी एक कागद पुढे सरकवला. ऑगस्टमध्ये पहिल्या दिवशी नव्या विद्यार्थ्यांना सगळ्यांसमोर पांढरा कोट घालतात. तो कुणी घालायचा ते त्यात लिहायचं होतं. नाव, नातं, व्यवसाय. ज्यांच्या घरात डॉक्टर आहेत ते त्यांचं नाव लिहितात, असं त्यांनी सांगितलं, नाहीतर कॉलेजातले कुणी प्राध्यापक घालतात.

मी लिहिलं: अनसूया खोराटे. आई.

तिसऱ्या रकान्यावर पेन टेकवलं, तसं आईनं ते माझ्या हातातून काढून घेतलं.

"हे माझं मी लिवती."

ती टेबलावर वाकली. सहावीपर्यंत शिकलेली आई, सावकाश, एकेक अक्षर घोटून, वर रेघ मारून मराठीत लिहू लागली. *बाळंतिनीची आनी बाळाची मालीश. वर्षे ३१.* रकान्यात मावलं नाही. ती समासात गेली. शेवटी एक ठळक टिंब दिलं.

कचेरीतल्या बाईंनी कागद उलटासुलटा करून पाहिला. "सुंदर अक्षर आहे," त्या म्हणाल्या. "पण हे काय लिहिलंय?"

मी भाषांतराला तोंड उघडलं. आईनं माझ्या दंडावर हात ठेवला.

"थांब गं. मी सांगती."

आणि माझी आई, जी पंधरा वर्षांत दुकानदाराशीसुद्धा माझ्या आडून बोलत आली होती, ती दोन पावलं पुढे झाली. तिनं दोन्ही हात त्या बाईंच्या समोर, टेबलाच्या मधोमध, तळवे वर करून ठेवले.

"आय," ती मोठ्यानं म्हणाली, "बेबी मसाज. मदर मसाज. थर्टी वन इयर." मग एक हात उचलून तिनं माझ्याकडे बोट केलं, आणि अख्ख्या कचेरीला, दारातून आत येणाऱ्या डॉक्टर हॅस्केटांना, बाहेरच्या डोंगरांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "शी, डाक्टर! सेम हॅन्ड!"